पाहुण्यांनी खुर्चीवर बसायचं

न्हाई न्हाई, तो माईक राहू द्या तिकडंच, माझा आवाज जनवाड्याच्या फाट्यावर ऐकू जातोय, आन् घंटी तुमच्या हातात हाय ते बी बघितलंय मी, पंधरा मिनिटं झाली की वाजवणार, वाजवा, पर आधी हे सांगा की मला हितं उभं कामून केलंय? ढाल दिली, शाल घातली, चाळीस गावच्या चर्चमधून आमच्या बारक्या गावच्या चर्चचा पहिला नंबर काढला, कशात, तर नाताळात पाहुण्यांचं स्वागत करण्यात, आन् आता म्हणतेत, सुमित्रप्पा, अनुभव सांगा, बाकीच्या मंडळींना शिकायला मिळंल. काय शिकायचंय जी यात? तुम्हाला सांगतो, मी एकाहत्तर वरसांचा माणूस, चाळीस वरसं चर्चच्या दारात उभा हाय, आन् मला एवढंच कळालंय की आलेल्या माणसाला बसा म्हणायचं. बसा म्हणायला काय लागतंय?

पर न्हाई. गेल्या वरसी नोव्हेंबरात हे अरुणकुमार सर आले हैदराबादहून, हे काय, हितंच बसलेत पुढं, हसायलेत. हसा सर, तुमी चांगलं माणूस हाव, तुमचा यात काय दोष न्हाई, आधीच सांगून ठेवतो. तर सरांनी दोन दिवस आम्हाला शिकवलं. पाहुणा फाटकात दिसला की हसायचं. दात दिसले पायजेत. मला वरचे दोनच हायेत, मी विचारलं, सर, माझं कसं? म्हणले, अप्पाजी, तुमी डोळ्यांनी हसा. डोळ्यात मोतीबिंदू. मग पाहुण्याकडं तीन पावलं जायचं, चार न्हाई, चार गेलं की पाहुणा घाबरतोय म्हणे. मग हात जोडायचे. मग पुस्तकातल्या मराठीत म्हणायचं, 'नमस्कार. आपलं स्वागत आहे. आपण पहिल्यांदाच आलात का?' हो म्हणला की गुलाबाचं फूल द्यायचं, कार्ड द्यायचं, आन् हाताला न धरता, नुसता हात दाखवत त्याला पुढं न्यायचं आन् खुर्चीवर बसवायचं. सतरंजीवर न्हाई. सतरंजी आपल्या माणसांसाठी, पाहुण्यांनी खुर्चीवर बसायचं. मधी पाहुण्यांनी उभं राहून ओळख सांगायची, आपण टाळ्या वाजवायच्या. जाताना कार्ड भरून घ्यायचं, त्यावरची विनंती पुढच्या रविवारी सगळ्यांपुढं वाचायची, आन् आठ दिवसांत दोघांनी पाहुण्याच्या घरी जाऊन यायचं, पाच मिनिटं, जेवायला थांबायचं न्हाई. लेकरांकडून पाढे म्हणून घेतेत तसं म्हणून घेतलं जी आमच्याकडून, माझ्याकडून सात वेळा, कारण मी मधीच 'आवो या की, बसा' म्हणायचो आन् सर म्हणायचे, चुकलं, पुन्हा पहिल्यापासून.

आता आमची निलम्मा, माझी बायको, तिला यातलं काय बी येत न्हवतं. ती बायकांच्या बाजूला खिडकीजवळच्या सतरंजीवर बसायची. नाताळाला आमच्याकडं सगळं गाव येतंय, तुमच्याकडं बी येत आसंल, लिंगायतांच्या बाया येतेत, मुसलमानांची पोरं चांदणी बघायला येतेत, गव्हाणीतलं लेकरू बघतेत, गव्हाची गोड हुग्गी खातेत आन् जातेत. कुणी बाई दारात घुटमळली की निलम्मा बसल्या जागेवरून हात हलवायची, 'ये गं, बस.' एवढंच. आन् आपण सरकायची. सरकून सरकून भिंतीला लागायची, तरी सरकायची. त्या बाईचं लेकरू वढून मांडीवर घ्यायची आन् गाण्याचं पुस्तक तिच्यापुढं धरून ओळीखाली बोट फिरवायची. बोट चुकीच्या ओळीवर आसायचं, निलम्माला कुठं वाचता येत होतं? पर त्या बाईला बी येत न्हवतं, मग कुणाचं काय बिघडलं? दोघी मिळून भलतंच गायच्या. ती बाई पुढल्या वरसी नणंदेला घेऊन यायची. अशी ही माझी निलम्मा गेल्या वरसी जूनमधी गेली. पोटाचं दुखणं होतं, बावीस दिवसांत आटोपली. खिडकीजवळची जागा तशीच मोकळी हाय, तिथं कुणी बसत न्हाई.

मग घरात सराव करायला कुणी उरलंच न्हाई, म्हणून मी म्हशीवर सराव केला. तुम्हाला सांगतो, सकाळी धार काढायच्या आधी तीन पावलं पुढं जायचं, हात जोडायचे, आपण पहिल्यांदाच आलात का? बारा वरसं दावणीला हाय ती म्हैस. दोन-तीन दिवस बघितलं तिनं, मग दूध चोरायला लागली. शेजारचा राजपाल, हा काय मागं बसलाय, माझ्याच वयाचा, चर्चमधला माझा जोडीदार, तो कुडाच्या वरून बघून म्हणला, सुमित्रप्पा, निलम्माच्या मागं डोकं फिरलं का तुझं? म्हणलं, फिरलं न्हाई रं, पाठ करायलोय. आन् पाठ झालं की. इतकं झालं की झोपेत कूस बदलली तरी तोंडातून 'आपलं स्वागत आहे' निघायलं. तिथंच घात झाला.

नाताळ आला. अंगावर पिवळा पट्टा, त्यावर 'स्वागत' लिहिलेलं, सकाळी आठपासून मी दारात. पहिलेच आले दोन पोलीस. ते बंदोबस्ताला आलते, पर मी फूल दिलं, कार्ड दिलं, खुर्चीवर नेऊन बसवलं. बिचारे फूल हातात धरून बसले. मग एक धनगर आला, शेळी हुडकत. मी म्हणलं, पहिल्यांदाच आलात का? तो म्हणतोय, शेळी दिसली का? मी फूल दिलं. तो म्हणतोय, काळी हाय, एक कान फाटलाय. मी खुर्ची दाखवली. शेवटी बसला जी, आन् राजपालकडून कार्डावर विनंती लिहून घेतली, 'शेळी सापडावी'. सापडली की, चर्चच्या मागंच होती, गव्हाणीतलं निम्मं गवत खाऊन झालतं. तेवढं एक कार्ड माझ्या कामाचं निघालं त्या दिवशी, म्हणजे तसं मला वाटलं.

मग बीदरहून औरादकडं जाणारी साडेनऊची गाडी थांबली. फाटकातून एक बाई आली, जांभळं लुगडं, बोटाला धरलेली पाच-सहा वरसांची पोरगी. मोतीबिंदू आसू द्या न्हाईतर काय बी आसू द्या, चालण्यावरून ओळखलं मी. उजवा पाय जरा बाहेर टाकून निलम्मा चालायची, तसंच. माझी लेक होती. राजश्री. माझी एकुलती एक लेक. नऊ वरसांनी.

थांबा, हे सांगितल्याबिगर पुढचं कळणार न्हाई. राजश्रीनं नऊ वरसांखाली गुरुबसवाशी लगीन केलं. पोरगं चांगलं होतं, तिच्याच शाळेत मास्तर होतं, लिंगायताचं. मला विचारलं तिनं, मी न्हाई म्हणलो, तर तिनं कचेरीत जाऊन सही केली. मग पंधरा दिवसांनी गुरुबसवाची आई, रुद्रम्मा, आन् तिचा मालक, दोघं आमच्या घरी आले. नारळ घेऊन, साखर घेऊन. त्यांच्या घरात तर काय कमी आरडाओरडा झाला आसंल? तरी आले. निलम्मा पळत जाऊन घोंगडी काढायली आन् मी म्हणलो, राहू दे. बास, दोन शब्द. भर उन्हात अंगणात अर्धा तास उभे होते दोघं. मी वट्यावर बसून सुपारी कातरली. मग रुद्रम्मानं नारळ उंबऱ्यावर ठेवला आन् गेले. घरी आलेल्या माणसाला मी बसा म्हणलो न्हाई. आपल्याकडं वैऱ्याला बी म्हणतेत. त्या दिवशी भाकरी वाढताना निलम्मा एवढंच म्हणली, 'बसा म्हणायला काय लागतंय?' मघापासून मी जे म्हणायलोय ना, ते माझं न्हाई, तिचं हाय.

आन् मी तेवढ्यावर थांबलो का? चर्चची कुटुंबाची वही माझ्याकडं आसती, लिहायचं काम माझं. सुमित्रप्पा, निलम्मा, राजश्री. तिसरं नाव मी पट्टी लावून खोडलं. पट्टी लावून, बघा, वाकडं जायला नको म्हणून. आन् निलम्मा गेली त्या दिवशी राजपालनं फोन हातात घेतला, म्हणला, पोरीला सांगतो, बीदरहून यायला कितीसा वेळ लागतोय? मी म्हणलो, न्हाई. दुपारी माती दिली. तिसऱ्या दिवशी कुणाकडून कळालं आन् ती आली आन् परस्पर कबरीवर जाऊन, बसून, गेली. मला कबरीवरच्या फुलांवरून समजलं. चुकलं माझं. लै चुकलं, पोटच्या पोरीला मायचं तोंड बघू दिलं न्हाई मी.

तर ती फाटकातून यायलीय. फाटकापासून दारापर्यंत चाळीस पावलं तरी आसतील. चाळीस पावलं मिळाली जी मला इचार करायला, देवानं हातात आणून दिली. मी मनात म्हणतोय, ये माय म्हणू, ये बाई म्हणू, काय तरी म्हणू, तिचा हात धरू. ती पुढं आली, थांबली, माझ्याकडं बघितलं. आन् माझे पाय तीन पावलं पुढं गेले, हात जोडले गेले, आन् ह्या तोंडातून काय निघालं? 'नमस्कार. आपलं स्वागत आहे. आपण पहिल्यांदाच आलात का?'

मागं राजपालच्या हातातली फुलांची परडी पडली. मला वाटलं, राजश्री आता रडंल न्हाईतर तोंडावर थुंकून जाईल, दोन्ही माझ्या वाट्याचंच होतं. तिनं पदर नीट केला आन् म्हणली, 'व्हय जी. पहिल्यांदाच.' शांत. आन् हात पुढं केला, फुलासाठी. मी फूल दिलं. मी कार्ड दिलं. दिलं की जी, नियमानं दिलं. मग ती बायकांच्या बाजूला खिडकीकडं वळली, निलम्माच्या जागेकडं, त्यासाठीच आली होती ती, दुसरं काय पायजे होतं तिला? मायच्या सतरंजीवर घटकाभर बसायचं होतं. आन् मी म्हणलो, 'पाहुण्यांनी खुर्चीवर बसायचं.' हात दाखवत दाखवत नेलं. हाताला न धरता. बसली. तिच्या पोरीचे पाय जमिनीला लागत न्हवते, ते हलवत बसली पोरगी.

सर, मान खाली घालू नका, तुमी शिकवलं त्यात वाईट काय न्हवतं. परक्यासाठी शिकवलं तुमी. आपल्या लेकरासाठी कुणी शिकवायचं आसतंय का?

मग पाळकसाहेब म्हणले, नवीन पाहुण्यांनी उभं राहून ओळख सांगावी. त्यांची बदली नुकतीच झालेली, त्यांना काय म्हाईत? पोलीस उठले, धनगर उठला, मग राजश्री उठली. पोटातून बाहेर आली तवा जिनं तिला पहिल्यांदा हातात घेतलं ती चांगुणाबाई सुईण पुढंच बसलेली. राजश्री म्हणली, 'मी राजश्री. बीदरला शाळेत शिकवते. ही माझी मुलगी, मल्लेश्वरी. आम्हाला कुणी बोलावलं न्हाई, आपणच आलो.' आन् बसली. मग कुणी तरी टाळी वाजवली, आन् नियमच हाय म्हणल्यावर सगळ्यांनीच वाजवली. तुम्हाला सांगतो, ज्या पोरीला अख्ख्या गावानं कडेवर खेळवलं, तिला पाहुणी म्हणून टाळ्या वाजवल्या. चांगुणाबाईनं बी दोन वाजवल्या आन् मग पदर तोंडात घातला. मी दारात होतो. मी बी वाजवल्या.

जेवणाला पाहुण्यांची पंगत आधी, वाढायला मी. आता वाढताना बी विचारायचं आसतंय ना, शाकाहारी का मांसाहारी. ही पोरगी बारकी आसताना मटणातल्या नळीसाठी माझ्याशी भांडायची, माझ्या ताटातली उचलून पळायची. मी विचारलं, 'आपण...?' ती म्हणली, 'शाकाहारी.' खालमानेनं म्हणली. तिच्या सासरी चालत न्हाई, बरोबर हाय तिचं, ज्या घरात राहायचं त्या घरासारखं राहायचं. पर मला लै लागलं ते. मी हुग्गी वाढली, तिला आवडते म्हणून तीन पळ्या वाढल्या. म्हणली, 'बास जी.' बापाला जी. तेवढ्यात ती बारकी वाटी पुढं करून म्हणतीय, 'मुत्या, मला बी.' तिला कुणी शिकवलं न्हवतं, म्हाताऱ्या माणसाला मुत्याच म्हणतेत बीदरला, आजोबाला म्हणतेत तसं भाजीवाल्याला बी म्हणतेत. मला म्हाईत हाय ते. तरी पळी तशीच धरून उभा राहिलो मी, राजपालनं पळी घेतली हातातून.

दुपारच्या गाडीनं गेली. कार्ड राजपालच्या हातात देऊन गेली. घरी जाऊन मी चष्मा लावून वाचलं. तुमच्याकडं कोण घेऊन आलं? कुणी न्हाई. स्वागत कसं वाटलं? तीन चौकोन हायेत, छान, बरं आन् वाईट. तिनं 'छान'वर खूण केलीय, ठसठशीत, शाळेत पेपर तपासल्यासारखी. त्या खुणेवरच ही ढाल मिळाली जी मला, सगळी कार्डं बीदरला आली तवा म्हणे आमच्या चर्चचं एक बी 'वाईट' निघालं न्हाई. आन् खाली, काही विनंती आसल्यास? तिथं लिहिलंय, 'दारात स्वागत करणाऱ्या काकांची कंबर दुखते. त्यांना उभं राहवत नाही. त्यांना बसायला एक स्टूल द्यावं.'

बोला आता. घंटी वाजवायची तर आत्ता वाजवा.

कंबर दुखते हे मी कुणाला सांगितलं न्हवतं. निलम्माला म्हाईत होतं, ती तेल लावायची. त्या दिवशी एका हातानं मी दाराची चौकट धरून होतो, ते त्या पोरीनं बघितलं आसंल. ज्यानं तिच्या सासू-सासऱ्यांना अंगणात उभं ठेवलं, त्याला बसायला द्या म्हणतीय. आन् नियम काय? विनंती रविवारी सगळ्यांपुढं वाचायची. कुणी? स्वागत बघणाऱ्यानं. मी उभं राहून वाचलं, 'त्यांना बसायला एक स्टूल द्यावं.' सगळ्यांनी आमेन म्हणलं. सोमवारी सुतार स्टूल घेऊन आला, सागवानी, मजबूत. मी बसलो न्हाई अजून त्यावर. फुलांची परडी ठेवतो.

मग आठ दिवसांत पाहुण्याच्या घरी जायचं. दोघांनी. राजपाल म्हणला, तू नको, मी दुसऱ्या कुणाला घेऊन जातो. म्हणलं, न्हाई, मी येतो. मनात ठरवलं होतं, तिथं पट्टा न्हाई, फूल न्हाई, तिथं बोलायचं. वाटेत बसमधी मनातल्या मनात घोकत गेलो, 'राजश्री, माय गेली तवा तुला कळवलं न्हाई, चुकलं माझं.' आठ-नऊ शब्द. म्हशीपुढं सातशे वेळा बोललो आसंल, हे काय आवघड हाय?

दार उघडलं रुद्रम्मानं. नऊ वरसांनी समोरासमोर. तिनं मला ओळखलं, मी काय बदलायचो आता, नुसता वाळलोय. मी म्हणलं, आता हिनं उंबऱ्याबाहेर उभं केलं तर मी संध्याकाळपर्यंत उभा राहतो, माझी फेड तरी होईल. ती पदर डोक्यावर घेऊन म्हणली, 'बर्री अण्णा, कूडरी.' या अण्णा, बसा. तेवढंच. मागचं पुढचं काय न्हाई. खुर्ची पुसली, पंखा लावला, गूळ-पाणी आणलं. राजपाल बसला बी. तुम्हाला सांगतो, मारलं आसतं तर बरं झालं आसतं. माझे गुडघे वाकंनात. ती आपली म्हणतीय, बसा की, बसा की अण्णा. शेवटी बसलो कसाबसा, खुर्चीच्या काठावर. तिला काय लागलं जी बसा म्हणायला? काहीच लागलं न्हाई.

राजश्री चहा घेऊन आली. बिनसाखरेचा, मला लागतोय तसा. समोर उभी राहिली, ट्रे छातीशी धरून. आन् मी उठलो. घसा साफ केला. म्हणलो, 'आपण आमच्या चर्चला भेट दिलीत, आम्ही आपले आभारी आहोत.'

हसता काय, हसा. राजपालनं कपाळाला हात लावला. ती म्हणली, 'आम्हाला बी बरं वाटलं.' मी म्हणलो, 'पुन्हा अवश्य यावं.' ती म्हणली, 'नाताळाला शाळेला सुट्टी आसती. वरसातून तेवढं एकदा येत जाईन, मायसाठी.' मी म्हणलो, 'आपलं स्वागतच आहे.' पाच मिनिटं झाली, निघालो. ती फाटकापर्यंत आली, मल्लेश्वरीनं टाटा केलं. अजून बी ते आठ-नऊ शब्द माझ्या घशात तसेच हायेत. मघापासून तुम्हाला सांगतो, तुम्हाला सांगतो म्हणायलोय ना मी, ते सगळं तिला सांगायचं होतं. चाळीस गावच्या अनोळखी माणसांपुढं धडाधडा बोलायलोय, बघा, आन् लेकीपुढं पाठ केलेलं बोलून आलो.

येताना बसमधी राजपालनं त्या कार्डाच्या मागचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. मला म्हाईतच न्हवतं. लिहिलंय, पाहुणा तिसऱ्यांदा आला की त्याला पाहुणा धरायचं न्हाई. फूल द्यायचं न्हाई, कार्ड द्यायचं न्हाई, ओळख विचारायची न्हाई, सतरंजीवर सगळ्यांसंगं बसवायचं, आन् त्याचं नाव कुटुंबाच्या वहीत लिहायचं. राजपाल म्हणतोय, हे बघ, देवानं वाट ठेवलीय तुझ्यासाठी.

आता तुमी म्हणाल, सुमित्रप्पा, वही तुझ्याकडं, पेन तुझ्याकडं, लिही की आजच पोरीचं नाव, कोण आडवायलंय? न्हाई जमत जी. दोनदा काढली वही. ती खोडलेली रेघ दिसती, पट्टी लावून वढलेली, आन् हात थांबतोय. माझं सगळं आयुष्य नियमानं गेलं, नियमानंच मी लेक घालवली, मला आता नियमाबिगर परत बी येता येत न्हाई. नियमानं आली तर मला लिहावंच लागंल, मग माझ्याच्यानं न्हाई म्हणवणार न्हाई.

वाजली का घंटी? वाजू द्या, सर, एकच मागणं हाय आन् बसतो. गेल्या नाताळाला तिचं एकदा झालं. पुढच्या म्हैन्यात नाताळ हाय, ती येणार, तिचं दोनदा होईल. तिसरं पुढच्या वरसी. रात पडली की माझे पाय सुजतेत, डाक्टर निलम्माला बघत होता तसंच मला बघतोय, काय सांगत न्हाई. तर तेवढं तिसऱ्यांदाच्या जागी दुसऱ्यांदा करता येतंय का बघा. एवढ्या चर्चच्या चांगल्यासाठीच सांगायलोय, माझं काय न्हाई... मान हलवायलेत सर. न्हाई होत? ह्या वरसीची कार्डं छापून झाली? चाळीस गावची?

बरं. छापून झाल्यावर काय करता. एक वरीस आन् एक म्हैना, जगतो की तेवढं.